चर्चा: सोलापुरात किटचं विमान बांधावं का? शेपूट झालंय, पंखांची ऑर्डर अडलीय

होटगीरोडकर

मंडळी, सरळ मुद्द्यावर येतो. अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझं टॉवेलचं शेड आहे. मंदीत चार माग विकले, अर्धं शेड मोकळं झालं. दीड वर्षापूर्वी त्यात दोन सीटच्या विमानाचं किट आणलं. अख्खं नाही, नुसतं शेपटीचं. किटवाले विमान असंच हप्त्याहप्त्यानं विकतात: आधी शेपूट, मग पंख, मग धड, शेवटी इंजिन. हिशोब शहाणा आहे, कारण बऱ्याच जणांची हौस शेपटीतच फिटते.

माझी फिटली नाही. शेपूट पूर्ण झालं. आता पंखांची ऑर्डर द्यायची तर बायको, भाऊ, सीए सगळे आडवे पडलेत. सीए म्हणाला, शेड भाड्याने द्या.

माझं म्हणणं असं की हे काम सोलापूरच्या हाताला जमणारं आहे. पत्रा भोकं पाडूनच येतो. क्लेको नावाच्या स्प्रिंगच्या चिमट्यांनी तो तात्पुरता जोडायचा, मापं बघायची, पुन्हा सगळं सुटं करायचं, प्रत्येक भोकाची कडा साफ करायची, प्रायमर मारायचा आणि मग रिव्हेट. आपला जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, आवाजावरून सांगतो धोटा कुठे अडतोय. त्याला हे अवघड आहे होय? शिवाय आपली हवा कोरडी, ॲल्युमिनियमला गंजाची भीती कमी. फायबरचं विमान मी मुद्दाम टाळलं. इपॉक्सी उन्हात तापून मऊ पडू नये म्हणून ती विमानं पांढरी रंगवतात. आपल्या मे महिन्याला नुसता पांढरा रंग पुरणार नाही.

आणि अमोल यादवांनी तर कांदिवलीत गच्चीवर सहा सीटचं विमान बांधलं, किट न घेता. 2016 च्या मेक इन इंडिया प्रदर्शनात लोकांनी ते पाहिलं, 2017 मध्ये नोंदणी झाली. मी मापं दिलेलं किट जोडतोय, आणि मला वेड्यात काढतायत.

विरोधात बोला, पण मुद्द्यावर बोला. तळपद्यांचं 1895 चं चौपाटीवरचं विमान इथे उडवू नका, त्याला वेगळा धागा काढा.

कडक_भाकरी

का बे, टॉवेल सोडून हे काय करायलास? विमानतळाच्या आड येणारी साखर कारखान्याची चिमणी पडली जून 2023 ला, सोलापूरहून गोव्याचं विमान उडालं जून 2025 ला. अख्खं सरकार मागे असून दोन वर्षं. तू एकटा. तुझ्या नातवाला शुभेच्छा.

(चिमणीवर वाद घालायचा नाहीये. माझ्या घरचे कारखान्याच्या बाजूने आहेत, काही बोललो तर चुलते जेवायला वाढणार नाहीत.)

हँगरवाली

होटगीरोडकर काका, मी मूळची विजापूर रोडची. सतरा वर्षं विमानांच्या दुरुस्तीत आहे, सध्या दक्षिणेत नोकरी. तुमचं शेपूट छान झालं असेल, पण पंखांची ऑर्डर देऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे.

कारण ‘हात’. तुमच्या पोस्टमध्ये हाताचं कौतुक आहे, तेच मला खटकलं. एक साधा बोल्ट घेऊ. शेपटीत एएन-3 बोल्ट आहेत, शिसपेन्सिलीहून बारीक. त्यांना 20 ते 25 इंच-पौंड टॉर्क, म्हणजे आवळायचा जोर, लागतो. म्हणजे फूटभर लांब पान्याच्या टोकाला किलोभर साखरेची पिशवी टांगा, झालं, एवढंच. शिवाय नायलॉनचा नट फिरताना जेवढा अडतो ते आधी मोजून वर धरायचं. ज्याचा हात मागावर बसलाय तो माणूस हा बोल्ट दुप्पट आवळतो आणि त्याला वाटतं आता पक्कं झालं. बोल्ट ताणला गेलेला असतो, वरून काहीच दिसत नाही. हेच नायलॉनचे नट इंजिनच्या बाजूला चालत नाहीत, उष्णतेने नायलॉनची पकड जाते, तिथे अख्ख्या धातूचे लागतात. डब्यात दोन्ही शेजारी शेजारी असतात. एखाद्या शनिवारी संध्याकाळी संपलेल्याच्या जागी दुसरा लावला, तर कोण बघणार आहे?

आता रिव्हेट. 2.4 मिमीचा रिव्हेट ठोकला की मागचं डोकं दांड्याच्या दीडपट रुंद आणि निम्मं उंच हवं, म्हणजे 3.6 आणि 1.2 मिमी. तुमचे मोजलेत का? मोजले असतील तर कोणी? तुम्हीच ठोकून तुम्हीच मोजले असतील तर न मोजल्यासारखंच आहे ते. आमच्याकडे कंट्रोलचं, म्हणजे विमान वळवणाऱ्या भागांचं, काम करणारा एक आणि तपासणारा दुसरा, असा नियम आहे. तो आमच्यावर अविश्वास म्हणून नाही. सकाळपासून त्याच भोकाकडे बघणाऱ्या डोळ्याला त्यातली चूक दिसेनाशी होते म्हणून.

अमेरिकेत ज्याने निम्म्याहून जास्त काम स्वतः केलं त्याला स्वतःच्या विमानाची वार्षिक तपासणी करण्याचा दाखला मिळतो. तिकडे प्रत्येक गावात जुने बांधणारे आहेत, ते येऊन शेडमध्ये बसतात, चुका काढतात. तुमच्या शेडमध्ये कोण येणार?

होटगीरोडकर

ताई, मोजलेत. गेज घेऊन, एकेक. आणि हो, मीच मोजलेत. पण चूक दिसतच नाही असं नाही हं. खराब रिव्हेट काढायचं काम काय असतं ते इथल्या लोकांना सांगतो, तुम्हाला माहीतच आहे. डोक्याच्या बरोब्बर मधे पंच मारायचा, ड्रिल फक्त डोक्याच्या जाडीपुरतं न्यायचं, मग भोकात पिन घालून डोकं तिरकं मोडायचं आणि उरलेला दांडा मागून हळूच बाहेर काढायचा. जरा घाई झाली की ड्रिल सरकतं, भोक लांबोळकं होतं, आणि मग मोठ्या मापाचा रिव्हेट घालायची वेळ येते. पहिल्या महिन्यात एक अख्खी रिब, म्हणजे आतल्या सांगाड्याची फासळी, मी अशी नासवली. ती शेडच्या दारावर लिंबू-मिरचीच्या शेजारी टांगून ठेवलीय. येताजाता दिसते.

पूर्वभाग_जॉबर

शेठ, राग मानू नका, मी तीस वर्षं मागावर आहे म्हणून बोलतो. तुम्ही जॉबरचं नाव घेतलं ते बरं वाटलं. पण जॉबर काय करतो ते खरं सांगू का? नट सैल झाला तर त्याखाली पत्र्याची चकती. स्प्रिंग गेली तर दुसऱ्या मागाची काढून इकडे. पट्टा घसरतोय तर सायकलच्या ट्यूबचा तुकडा. संध्याकाळपर्यंत माल निघाला पाहिजे एवढंच आमचं गणित, आणि त्यात आमच्यासारखा कोणी नाही. पण माग बिघडला तर माग थांबतो. फार तर धोटा उडून कोणाला तरी लागतो. तुमचं ते थांबलं तर खाली कुंभारी गाव आहे का बोरामणी, ते बघावं लागेल.

माझा हात चांगला आहे हे खरं. पण त्याला ‘चालतंय की’ची सवय आहे, आणि ती सवय कौशल्याच्या आतच असते, वेगळी काढता येत नाही. ताईंचं मला पटलं.

कडक_भाकरी

जॉबरनंच जॉबरला पाडलं. शेठ, शेड भाड्याने दे.

माळशिरसचा_ऊस

तुम्ही सगळे नटबोल्टात अडकलात. टाकीत काय घालणार ते कोणी विचारलंच नाही.

दोन सीटच्या बऱ्याच किटना रोटॅक्स 912 इंजिन बसतं. ते साध्या पेट्रोलवर चालतं म्हणूनच लोकप्रिय आहे. पण कंपनी इथेनॉल चालवून घेते 10 टक्क्यांपर्यंत, आणि आपल्या पंपावर आता 20 टक्के. घरी करून बघा: काचेच्या उभ्या बरणीत 10 मिली पाणी, खूण करा, त्यावर 90 मिली पेट्रोल, हलवा आणि ठेवा. मी केलं. खालचा पाण्याचा थर दुपटीच्याही वर चढला, कारण इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात उतरलं. टाकीत दव साचलं की हेच होतं. मोटरसायकल रस्त्याच्या कडेला बंद पडते, ढकलत नेता येते. शिवाय रबरी नळ्या आणि सीलंटला ते पचत नाही ते वेगळंच.

गंमत बघा, हा इथेनॉल आमच्याच उसाचा. कारखान्याचं बिल वेळेवर यावं म्हणून मी इथेनॉलच्या बाजूने शंभर ठिकाणी भांडलोय. आणि जिल्ह्यातलं पहिलं घरचं विमान झालं तर त्याला आमचाच माल चालणार नाही.

ॲव्हगॅस, म्हणजे विमानाचं पेट्रोल, आहे, इंडियन ऑइलने 2022 पासून देशात बनवायला घेतलंय. पण त्यात शिसं असतं. रोटॅक्सला ते चालतं, फक्त ऑइल लवकर लवकर बदलायचं. आणि ते बॅरल अक्कलकोट रोडला आणणार कोण, ठेवणार कुठे?

होटगीरोडकर

खरं सांगतो, पेट्रोलचं माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. इंजिन शेवटी घ्यायचं म्हणून तो विचारही शेवटावर टाकला होता. बरणी आत्ताच करून पाहिली. पोरगा म्हणाला, बाबा हे दहावीत होतं.

सकाळी_सहा

मी काकांच्या बाजूने. सगळे जण विमान म्हटलं की संकट बघायलेत. सांभाळायच्या बाबतीत किटचं विमान उलट सोपं, कारण मालकाला त्याचा प्रत्येक नट माहीत असतो. रोटॅक्सचं वेळापत्रक छापील आहे: दर 100 तासांना मोठी तपासणी, रबरी नळ्या 5 वर्षांनी बदलायच्याच, खराब दिसोत न दिसोत, 2,000 तासांना पूर्ण ओव्हरहॉल. ऑइल बघायचं तर आधी स्विच बंद आहेत ना ते दोनदा बघून पुढचा पंखा (प्रोपेलर) हाताने फिरवत राहायचा, टाकीतून गुडगुड आवाज आला की मगच दांडी काढायची, नाहीतर माप खोटं येतं. यात न जमण्यासारखं काय आहे? आपण ट्रॅक्टर सांभाळतोच की.

उन्हाचा प्रश्न मात्र आहे. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण 1,500 फूट. मे महिन्यात दुपारी 43 अंशाला हिशोब केला तर विमानाला वाटतं आपण 5,000 फुटांवरच उभे आहोत. हवा विरळ, इंजिनला दम कमी, धावायला जास्त लागणार, चढणार कमी. उपाय माझ्या नावात आहे.

हँगरवाली

ट्रॅक्टरचं उदाहरण नको हो. माझ्या वडिलांचा ट्रॅक्टर चार वर्षं एका ब्रेकवर चालला.

‘मालकाला प्रत्येक नट माहीत असतो’ हे बरोबर, पण तो मालक असेपर्यंतच. अमेरिकेच्या एनटीएसबीने, म्हणजे अपघात तपासणाऱ्या सरकारी संस्थेने, 2012 मध्ये घरी बांधलेल्या विमानांच्या अपघातांचा अभ्यास काढला. इंजिन बंद पडणं आणि विमान ताब्यातून सुटणं ही मोठी कारणं. आणि 2011 मध्ये त्यांनी तपासलेल्या अपघातांपैकी निम्म्याहून जास्त विमानं बांधणाऱ्याची नव्हती, दुसऱ्याने विकत घेतलेली होती. ज्याने बांधलं त्याच्या डोक्यातली वही विमानाबरोबर जात नाही. काका, तुमची वही आहे का? कागदावरची?

केरळचा एक इंजिनिअर इंग्लंडमध्ये चार सीटचं किट बांधून कुटुंबाला युरोपभर फिरवून आला, ते 2022 मध्ये सगळ्या पेपरात होतं. त्याचा फोटो प्रत्येक जण फॉरवर्ड करतो. पण त्याला 1,40,000 पौंडांच्या आसपास खर्च आला, आणि तिथे टप्प्याटप्प्याला तपासनीस येऊन सही करत होता, ते कोणी फॉरवर्ड करत नाही. अमेरिकेत पहिले 25 ते 40 तास नेमून दिलेल्या भागातच, माणसं न बसवता उडवायचं. आपल्याकडे डीजीसीएची, म्हणजे विमानांच्या सरकारी खात्याची, परवानगी मिळेपर्यंत तर शेडच्या बाहेरही नाही. आणि ती एका पत्राने मिळत नाही. यादवांना विचारा.

सकाळी_सहा

म्हणजे कोणीच काही करायचं नाही. सगळ्यांनी रविवारी शेंगा चटणी खात गोव्याचं विमान बघायचं.

हँगरवाली

मी असं म्हटलं नाही. मी म्हटलं पंख नको, आत्ता नको. आधी काकांनी स्वतःचं शेपूट दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्यावं. मी दिवाळीला येणार आहे, पण तोवर कोणीही चालेल. फक्त त्याने एकही रिव्हेट ठोकलेला नसावा, आणि काकांनी त्या वेळी शेडबाहेर चहा पीत बसावं.

पूर्वभाग_जॉबर

शेठ, रविवारी मी येतो. गेज तुम्ही द्या, कसं धरायचं ते दाखवा आणि जावा बाहेर.

होटगीरोडकर

कळवायचं राहिलं होतं. जॉबर आले रविवारी. त्यांना आडव्या शेपटीची डावी बाजू दिली, गेज दिलं, लाल मार्कर दिला, बाहेर जाऊन बसलो. दोन तास काहीच आवाज नाही. मी तीनदा दारापाशी गेलो, तीनदा त्यांनी हाताने परत पाठवलं.

बाहेर आले तेव्हा म्हणाले, शेठ, सगळे चांगले आहेत, पण पुढच्या रिबजवळचे बघा. तिथे हात पोचायला अवघड, बकिंग बार, म्हणजे रिव्हेटच्या मागे धरायचा लोखंडी ठोकळा, तिरका धरावा लागतो. त्या कोपऱ्यात 19 रिव्हेटांना लाल खूण होती. डोकी एका बाजूला कललेली, काही 1.2 ऐवजी जेमतेम 0.9. हे सगळे मी मोजलेले होते. वहीत प्रत्येकापुढे माझ्याच अक्षरात ‘ठीक’ लिहिलंय. (ताई, वही आहे. कागदावरची.)

मी जॉबरना म्हटलं, मागावर हे चाललं असतं. ते म्हणाले, मागावर मी बघितलंच नसतं.

पंखांची ऑर्डर दिलेली नाही, रद्दही केलेली नाही. सीएला सांगितलंय दिवाळीपर्यंत शेडचा विषय काढू नको. 19 पैकी 11 काढून झाले, भोकं शाबूत आहेत. बाराव्याला ड्रिल सरकलं. मोठ्या मापाचे रिव्हेट कोणाकडे शिल्लक असतील तर सांगा, नाहीतर पुन्हा परदेशातून मागवायचे म्हणजे महिना गेला.