ओपन स्पेसमध्ये लॉनच पाहिजे का?

गिरणाकाठ
जळगावातल्या आमच्या कॉलनीत ओपन स्पेस सुधारायचं घाटतंय. पाचशे चौरस मीटर मेक्सिकन लॉन आणि कडेने शोभेची झाडं, असा प्रस्ताव आहे. माझा विरोध. मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, तेव्हा लॉनला रोज ५ मिलिमीटर पाणी धरा, म्हणजे चौरस मीटरला ५ लिटर. झाले रोजचे अडीच हजार लिटर. बोअर आटली की दिवसाआड पाच हजार लिटरचा टँकर. आणि एवढं पिऊन ते गवत कुणाच्या पोटी काय घालतं? मशीन फिरत राहिलं की तुरा नाही, बी नाही. बी खाणाऱ्या मुनिया पाखरं कशाला येतील? त्यापेक्षा कडेने पळस, बहावा, अंजन लावा, मधे निरगुडी, अडुळसा, धायटी, आणि एका पट्ट्यात मारवेल गवत. पळस फुलला की मध पिणारे शिंजीर पक्षी आपसूक येतात.

पिंप्राळेकर
भो, मारवेल कमरेला लागतं. त्यातून घोणस निघाली तर धरायला तुम्ही येणार का? संध्याकाळी पोरं खेळतात, म्हातारी माणसं टेकतात. त्यांना काय निरगुडीत बसवायचं? पाखरं बघायची तर पाल-यावलचं जंगल आहे की.

केळीवाला रावेर
शेतातली हरळी खणता खणता आमच्या कंबरा गेल्या अन् तुम्ही पैसे मोजून गवत आणता! बरं, खेळायला पाहिजेच ना, मग हरळीच राहू द्या. उन्हाळ्यात पिवळी पडते, पण मरत नाही. पहिला पाऊस पडला की पुन्हा हिरवी. वर गणपतीला दूर्वा फुकट.

गिरणाकाठ
आबा, एकदम मंजूर. खेळायचा तुकडा हरळीचा.
पिंप्राळेकर, घोणस उंदरांमागे येते आणि उंदीर आपल्या उघड्या कचऱ्यावर पोसतात, तो ढीग तर लॉनच्या प्रस्तावातही तसाच आहे. मारवेल वाटेपासून लांब, मागच्या भिंतीला लावू. बी झडलं की दिवाळीनंतर कापायचं, गोठेवाले आनंदाने नेतील.
आणि पाखरांसाठी यावल कशाला? गेटबाहेर गटारीच्या कडेला रुई आहे, तिचं पान उलटून बघा. पांढरी-काळी-पिवळी पट्ट्यांची अळी दिसेल, अंगावर काळ्या शिंगांसारखे तंतू. ती प्लेन टायगर फुलपाखराची. रुईचं विष अंगात भिनतं, म्हणून पक्षी तिच्या वाटेला फारसे जात नाहीत. रुई उपटली तर ती जगेल कशावर?

पिंप्राळेकर
रुईचा चीक पोराच्या डोळ्यात गेला म्हणजे? आत एकही रुई लावू देणार नाही, लिहून ठेवा.

गिरणाकाठ
आत नको. बाहेरची तोडू नका, एवढंच.

मातीतली ताई
रोपवाटिकेत काम करते म्हणून बोलते. दादा, तुमची यादी छान आहे, पण देशी झाडं म्हणजे लावली अन् विसरली असं नसतं. काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते, मुळं उघडी पडतात. पहिले दोन उन्हाळे आळ्यात पालापाचोळा आणि पाणी लागणारच. लॉनपेक्षा खूप कमी, पण लागणार. अंजन फार हळू वाढतो, वर्षभरात सावली मागू नका. आणि लॉन टाळून जागा उघडी ठेवलीत तर पहिल्याच पावसात गाजरगवत माजेल. ते फुलायच्या आत हातमोजे घालून उपटायला माणसं हवीत. ते कोण करणार?

पिंप्राळेकर
हेच विचारतोय मी! श्रावणात फोटो काढायला सगळे, चैत्रात बादली घेऊन कुणीच नाही. लॉनला निदान माळी तरी ठेवतात.

गिरणाकाठ
त्याच माळ्याला ठेवू. टँकरचे पैसे त्याच्या पगारात घाला.

केळीवाला रावेर
अन् लॉनवाल्यांनी टँकरचं बिल आपापल्या घरपट्टीसोबत भरावं. मीटिंगमध्ये एवढं विचाराच, किती हात वर होतात ते इथं टाका.

पिंप्राळेकर
माझा हात हरळीला. मारवेलला नाही.