अँबेसेडर १४८९ सीसी पेट्रोल: टॅपेट घरी सेट करायला कोणती हत्यारं आणि पार्ट लागतील?

प्रश्न: मार्क४_सातारा
गाडी मार्क ४ आहे, मूळचंच बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) पेट्रोल इंजिन. थंड असताना टॅपेटचा टकटक आवाज येतो, गरम झाल्यावर थोडा कमी होतो. टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून ऑइलही झिरपतं. फिलर गेज (फट मोजायच्या पट्ट्यांचा सेट) घ्यायला गेलो तर मिलिमीटरच्या सेटमध्ये ०.३८ ची पट्टीच नाही. गॅप नेमका किती ठेवायचा, कोणते पाने लागतील, आणि आठही टॅपेट चुकू नयेत म्हणून क्रम कसा धरायचा?

उत्तर: रॉकरशाफ्ट
गॅप म्हणजे रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारी छोटी तरफ) आणि व्हॉल्व्हचं टोक यांमधली फट. इनलेट आणि एक्झॉस्ट दोन्ही व्हॉल्व्हना ती एकच, पंधरा थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे ०.३८ मिमी. हा आकडा १४८९ सीसीच्या पुशरॉडवाल्या (खालून रॉकर ढकलणाऱ्या दांड्यांच्या) पेट्रोल इंजिनाचा आहे. पुढे आलेल्या १८०० च्या इसुझू इंजिनाला तो लावू नका.

शक्य असेल तर इंचाचं फिलर गेज घ्या, त्यात ०.०१५ ची पट्टी असते. नाहीच मिळालं तर मिलिमीटरच्या सेटवर असं भागवा: ०.३५ ची पट्टी सहज जायला हवी, ०.४० ची जाता कामा नये. टॅपेट स्क्रूच्या लॉक नटला अर्ध्या इंचाचा रिंग पाना लागतो. १२ किंवा १३ मिमीचा पाना ठोकून बसवू नका, नटाचे कोपरे जातात. स्क्रू ड्रायव्हर जाड पात्याचा आणि खाचेत घट्ट बसणारा हवा. पार्टमध्ये टॅपेट कव्हरचं कॉर्क पॅकिंग आणि कव्हरच्या दोन नटांखालचे रबर वॉशर नवे आणा. एखाद्या टॅपेट स्क्रूची खाच चेपलेली दिसली तर एक-दोन स्क्रू आणि लॉक नट जास्तीचे असू द्या.

काम रात्रभर थंड झालेल्या इंजिनावरच करा. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, बॅटरीची वायर काढलेली. प्लगभोवतीची धूळ आधी हवेने उडवा, मगच चारही प्लग काढा, म्हणजे इंजिन हँडलने एका हाताने फिरतं. हँडल नसेल तर टॉप गिअर टाका, हँडब्रेक सोडा आणि सपाटीवर गाडी हळूहळू पुढे ढकला.

क्रमासाठी नऊची बेरीज लक्षात ठेवा: दाबलेला नंबर आणि सेट करायचा नंबर मिळून नऊ. रेडिएटरच्या बाजूने व्हॉल्व्ह १ ते ८ मोजायचे. ८ नंबर पूर्ण दाबलेला असेल तेव्हा १ सेट करायचा, ६ दाबलेला असेल तेव्हा ३. इंजिन फिरवत राहिलात की क्रम आपोआप १, ३, ५, २, ८, ६, ४, ७ असा येतो. झालेल्या नंबरावर खडूची खूण करत चला.

लॉक नट सैल करा, पट्टी रॉकर आणि व्हॉल्व्हच्या टोकामध्ये घाला, स्क्रू फिरवा. पट्टी ओढताना किंचित अडखळली पाहिजे, अडकता कामा नये. खरी चूक यानंतर होते: लॉक नट आवळताना स्क्रूही सोबत फिरतो आणि गॅप कमी होतो. ड्रायव्हर धरूनच नट आवळा आणि आवळल्यावर पट्टी पुन्हा घालून बघा. दर वेळी, आठही टॅपेटना.

उत्तर: कॉर्क_पॅकिंग
गळतीबद्दल. कव्हरचे नट जोरात आवळल्याने पत्र्याची कड वाकते आणि कॉर्क मधोमध पिचतं. कव्हर काचेवर उपडं ठेवून कड तपासा, वाकली असेल तर लाकडाच्या ठोकळ्यावर हलक्या हातोडीने सरळ करा. जुनं कॉर्क पूर्ण खरवडा, पण त्याआधी हेडवर कापड झाका, कपचे पुशरॉडच्या भोकात पडतात. शेलॅक (पॅकिंग चिकटवायची लाख) फक्त कव्हरच्या बाजूला लावा, हेडची बाजू कोरडी ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी तेच पॅकिंग वापरता येईल. सिलिकॉनचा जाड थर नको. आत सुटलेला तुकडा संपमध्ये (इंजिनाखालच्या ऑइलच्या तळात) जाऊन ऑइल पंपाच्या जाळीवर बसतो.

मार्क४_सातारा
आभारी आहे. गॅप बरोबर करूनही आवाज राहिला तर रॉकर शाफ्ट काढून बघावा का?

उत्तर: रॉकरशाफ्ट
घाईने काढू नका. शाफ्टच्या पेडेस्टलचे (शाफ्ट ज्यावर बसतो त्या आधारांचे) चार नट हेडही धरून ठेवतात. ते सोडले की हेडवरचा दाब असमान होतो आणि पाणी गॅस्केटमधून आत येऊ शकतं. शाफ्ट काढायचाच असेल तर आधी रेडिएटरचं पाणी काढा आणि हेडचे सगळे नट ठरलेल्या क्रमाने थोडे थोडे सैल करा. बसवताना टॉर्क पाना हवाच. हेड पुन्हा आवळलं की ते किंचित खाली बसतं आणि गॅप कमी होतो, म्हणून टॅपेट त्यानंतर सेट करायचे.

आधी रॉकरचं टोक बघा. व्हॉल्व्ह जिथे टेकतो तिथे खड्डा पडला असेल तर सपाट पट्टी खड्ड्यावरून पुलासारखी जाते आणि खरा गॅप मोजलेल्यापेक्षा जास्त राहतो. अशा वेळी डायल गेजची सुई रॉकरच्या व्हॉल्व्हकडच्या टोकावर टेकवा, रॉकर हाताने वरखाली करा आणि ०.३८ मिमीची हालचाल ठेवा. कायमचा उपाय म्हणजे रॉकर बदलणं.

उत्तर: चार_सिलिंडर
आवाज बंद करायच्या नादात गॅप पंधरा थाऊच्या खाली नेऊ नका, हे कळकळीने सांगतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली बरीचशी उष्णता सीटला (हेडमधल्या त्याच्या बैठकीला) टेकलेला असतानाच हेडला देतो. गॅप कमी असेल तर गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कडेने जळता वायू निसटतो आणि कड जळते. सैल टॅपेट निदान वाजून सांगतो, घट्ट टॅपेट काहीच सांगत नाही.

१, ४, ५ आणि ८ हे एक्झॉस्ट. त्यांच्या गॅपचे आकडे वहीत लिहून ठेवा, सेट करण्याआधीचे आणि नंतरचे. झीज झाली की गॅप वाढतो असं बहुतेकांना वाटतं, पण सीट झिजली तर व्हॉल्व्ह हेडमध्ये वर सरकतो आणि गॅप कमी होतो. देशात २००० साली शिशाचं पेट्रोल बंद झालं. तोवर शिशाचा थर ओतीव लोखंडाच्या सीटला वाचवत होता. गाडी एलपीजीवर किंवा हायवेला सतत वेगात चालत असेल तर ही झीज लवकर दिसते. त्याच एक्झॉस्टचा गॅप दर वेळी कमी झालेला सापडला, तर स्क्रू सैल करत राहण्यात अर्थ नाही. हेड काढून मशीन शॉपमध्ये एक्झॉस्टला कडक सीट इन्सर्ट बसवून घ्या.

शंका असेल तर प्लग काढलेलेच आहेत, काम झाल्यावर कॉम्प्रेशन मोजा. एखादा सिलिंडर कमी दाखवत असेल तर त्यात चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा चढला तर दोष पिस्टनच्या रिंगमध्ये, नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटमध्ये. इग्निशन टायमिंग आणि कार्ब्युरेटरला हात टॅपेट झाल्यावरच लावा.