तीन-चार एकरांसाठी स्वतःचा मिनी ट्रॅक्टर घ्यावा की भाड्यावरच भागवावं?

ओतूरचा_भाजीवाला (धागाकर्ता)

गावात कुणी मिनी ट्रॅक्टर घेतला की लोक लगेच म्हणतात, "चार एकराला ट्रॅक्टर? नुसती हौस." मला हे अजिबात पटत नाही. 2015-16 च्या कृषिगणनेत राज्यातलं सरासरी खातं 1.34 हेक्टर निघालं, म्हणजे साधारण सव्वातीन एकर. तेव्हा हा प्रश्न आपल्यातल्या बहुतेकांचा आहे.

माझं म्हणणं असं, की भाजीपाला किंवा बाग असेल तर एकर मोजत बसू नका, वापसा बघा. पाऊस उघडल्यावर मशागतीजोगी ओल मोजके दिवसच असते. त्याच दिवसांत सगळं गाव एकाच ट्रॅक्टरवाल्याला फोन लावतं. तो आधी मोठ्या वावरात जाणार, कारण तिथे वळणं कमी. आमच्या वीस गुंठ्यांच्या तुकड्यात त्याचा निम्मा वेळ वळवण्यातच जातो, त्याचंही चुकत नाही. पण आपला नंबर लागेपर्यंत वरचा थर वाळून ढेकळं निघायला लागतात. किंवा मधेच पाऊस येतो आणि पुन्हा थांबा. इकडे टोमॅटोची रोपं ट्रेमध्ये वाढून लांबुडकी होतात. ते नुकसान भाड्याच्या हिशोबात कुणी धरतच नाही.

स्वतःचा 24 अश्वशक्तीचा फोर व्हील ड्राइव्ह (चारही चाकांना जोर असलेला) असला की मागे रोटर (माती भुसभुशीत करणारा रोटाव्हेटर), बेड पाडायचं यंत्र, मल्चिंग पेपर अंथरायचं यंत्र, फवारणी पंप, ट्रॉली असं कामाप्रमाणे बदलत जाता येतं. वर्षभर काम निघतं.

धुऱ्यावरून (जि. वाशीम)

दादा, वापशाचं बरोबर आहे, पण बँकेचा हप्ता पावसाचं कारण ऐकत नाही.

आमचं कोरडवाहू, सोयाबीन आणि तूर. ट्रॅक्टर, रोटर, ट्रॉली मिळून सहा लाखांचं कर्ज धरा. पाच वर्षं, दहा टक्के व्याज. वर्षाला दीड लाखाच्या वर हप्ता जातो. आता भाड्याचं बघा. नांगरणी, रोटर, पेरणी मिळून आमच्याकडे एकरी पाच-सहा हजार लागतात. तीन एकरांचे अठरा हजार. रब्बीत हरभरा घेतला तरी वर्षाला पस्तीस-चाळीसच्या पुढे जात नाही. वरचे लाख-सव्वा लाख कुठून काढायचे? डवरणी (पिकाच्या ओळींतली कोळपणी) तर अजून बैलांवरच चालते, पीक हातभर झाल्यावर ट्रॅक्टर आत घालवत नाही.

"भाड्याने मारून हप्ता काढीन" असं म्हणणारे बरेच पाहिले. आपल्याला वापसा असतो तेव्हाच गिऱ्हाइकालाही असतो. मग स्वतःचं वावर मागे ठेवून दुसऱ्याचं करावं लागतं. ज्या कारणासाठी ट्रॅक्टर घेतला, तेच हातचं जातं.

घडकुज_नको (ता. निफाड)

वाशीमच्या भाऊंचा हिशोब त्यांच्या पिकाला बरोबर आहे. द्राक्षाला तो लावू नका.

आमच्याकडे तीन एकर बागेलाही ट्रॅक्टर लागतोच. ऑक्टोबर छाटणीनंतर रात्री पाऊस झाला की सकाळी डाऊनीचं (केवडा रोगाचं) औषध गेलंच पाहिजे, त्या वेळी भाड्याचा ब्लोअर (पंख्याचा फवारणी पंप) शोधत कोण फिरणार? दोन ओळींत नऊ-दहा फूट अंतर, त्यात मोठा ट्रॅक्टर घातला तर काड्या मोडतो, घड घासतो. मिनी व्यवस्थित जातो. फक्त टू व्हील ड्राइव्ह (मागच्याच चाकांना जोर असलेला) घेऊ नका. ओल्या ओळीत पाण्याची टाकी भरलेला ब्लोअर ओढताना मागचं चाक जागेवर फिरतं आणि ओळीत खड्डा करून ठेवतं.

अजून एक. विक्रेता इंजिनची अश्वशक्ती सांगतो, ब्लोअरला ती पूर्ण मिळत नाही. पीटीओला, म्हणजे मागचं यंत्र फिरवणाऱ्या शाफ्टला, किती मिळते ते विचारा आणि त्याच्याशी जुळणाराच ब्लोअर घ्या. नाहीतर चढाला इंजिनचे फेरे कमी होतात आणि औषध पानाच्या मागच्या बाजूला पोचतच नाही.

वाळवा_ऊस

मला खर्चापेक्षा मातीची काळजी जास्त वाटते, आणि त्यावर इथे कुणी बोललं नाही.

मिनी ट्रॅक्टर दारात आला की नांगर सुटतो. रोटर सोपा, एका फेऱ्यात रान भुसभुशीत दिसतं, म्हणून उठसूट रोटरच मारला जातो. त्याची पाती चार-पाच इंचांपर्यंतच जातात. दरवर्षी त्याच खोलीवर फिरून खाली घट्ट थर तयार होतो. आमच्या भागात एका रानात पावसानंतर फावड्याने खणून पाहिलं होतं. वरची माती मऊ, पिठासारखी, आणि त्या चार-पाच इंचांखाली फावडं टणकन वाजलं. उसाच्या मुळ्या तिथे जाऊन आडव्या वळलेल्या. पाणी वरच साचून होतं. असा थर फोडायला सबसॉयलर (खोल जाणारं नांगरासारखं अवजार) लागतो आणि तो ओढायला मोठाच ट्रॅक्टर हवा. म्हणजे मिनी घेऊनसुद्धा दोन-तीन वर्षांनी मोठ्याच्या दारात जावं लागणारच. घेणाऱ्याने हा खर्च आधीच धरावा.

बाकी उसाच्या भरणीला (बुंध्याला माती लावायला) मिनी चांगला, पण सरी साडेचार-पाच फुटांची असेल तरच. जुन्या तीन फुटी सरीत तो घालू नका.

ओतूरचा_भाजीवाला

वाळव्याच्या दादांचा मुद्दा शंभर टक्के मान्य. बेड पाडण्याआधी नांगरट मोठ्या ट्रॅक्टरनेच करावी, कारण उन्हाळ्यात तो सहज मिळतो, घाई नसते. पावसाळ्यातली कामं स्वतःच्या हातात असावीत एवढंच माझं म्हणणं आहे.

बचतगट_ताई (जि. लातूर)

तुम्ही सगळे एकट्याने घ्यायचं की भाड्याने, एवढंच धरून बोलताय. तिसरी वाट आहे. सामाजिक न्याय विभागाची अनुसूचित जाती आणि नवबौद्ध बचत गटांसाठी योजना आहे. 9 ते 18 अश्वशक्तीचा मिनी ट्रॅक्टर, सोबत कल्टिव्हेटर किंवा रोटाव्हेटर आणि ट्रॉली. खर्चाची मर्यादा साडेतीन लाख, त्यात नव्वद टक्के, म्हणजे 3 लाख 15 हजार अनुदान. बाकीचे गटाने घालायचे. आमच्या गटाने तसाच घेतला.

धुऱ्यावरून

ताई, योजना चांगलीच आहे. पण वापसा सगळ्यांना एकदमच येतो ना? मग पहिला नंबर कुणाचा, यावरून भांडणं होत नाहीत का?

बचतगट_ताई

पहिल्या वर्षी झाली, भाऊ. नावाच्या चिठ्ठ्या टाकून नंबर लावले होते आणि ज्यांची चिठ्ठी मागे गेली त्यांची पेरणी मागे पडली. मग आमच्यातल्या एका मावशींनी सांगितलं की नावं सोडा, जमीन बघा. माळावरची मुरमाड रानं पाऊस उघडला की दुसऱ्याच दिवशी पायाला चिकटत नाहीत. मध्यम रानं त्यानंतर. ओढ्याकडची भारी काळी सगळ्यात शेवटी, तिथे लवकर ट्रॅक्टर घातला तर गाळच होतो. आता नंबर वरून खाली लागतात. मूठभर माती दाबून बघायची, लाडू होऊन तसाच राहिला तर थांबायचं, हलकं दाबताच फुटला तर ट्रॅक्टर घालायचा. सगळ्या जमिनी एकसारख्या असलेल्या गावात हे जमणार नाही, ते मी मान्य करते.

डिझेल ज्याचं त्याने घालायचं आणि तासामागे ठरलेली रक्कम गटाच्या खात्यात. त्यातून तेल, फिल्टर, रोटरची पाती निघतात. चालवायला आमच्यातल्याच दोघी शिकल्या.

पाना_हातोडी

मी दुरुस्तीचं काम करतो. घ्या किंवा भाड्याने आणा, पण पीटीओ शाफ्टवरचं प्लास्टिकचं कव्हर काढून टाकू नका. ग्रीस मारायला अडचण होते म्हणून काढतात आणि परत कुणी बसवत नाही. तो शाफ्ट मिनिटाला 540 फेरे घेतो. गळ्यातला टॉवेल किंवा साडीचा पदर गुंतला तर माणसाला ओरडायलाही वेळ मिळत नाही. ताई, तुमच्या दोघींना हे नक्की सांगा. रोटरमध्ये अडकलेलं पाचट किंवा दोरी काढायची तर आधी इंजिन बंद, मगच खाली वाकायचं.

आणि बांधाच्या अगदी कडेला जाऊ नका. हा ट्रॅक्टर अरुंद असतो, एक चाक खाली गेलं की लगेच कलंडतो.

सावंतवाडीकर

आमच्या कोकणातल्या कुणग्यांना (भाताच्या छोट्या खाचरांना) यातलं काहीच लागू नाही. चिखलणीला पॉवर टिलर बरा. मेर (बांध) ओलांडून खालच्या कुणग्यात दोघं मिळून उतरवतात.

धुऱ्यावरून

ताईंचं वाचून गावात बोललो. आमच्याकडे माळ आणि काळी दोन्ही आहेत, त्यामुळे नंबर लावायची पद्धत जमेल असं वाटतं. पण एकट्याने कर्ज काढून कोरडवाहूला ट्रॅक्टर घेऊ नये हे माझं मत कायम आहे. ओतूरच्या दादांनी "बहुतेकांचा प्रश्न" म्हटलं, पण त्या बहुतेकांकडे बारमाही पाणी नाही. पाणी असेल तिथे त्यांचा सल्ला खरा, नसेल तिथे तो माणसाला अडचणीत टाकेल.

ताई, गटाच्या खात्यात तासाला किती घेता, आणि पाती साधारण किती एकरांनी बदलावी लागतात, तेवढं सांगा. इकडच्या बैठकीत हेच पहिलं विचारतील.