व्यावसायिक पूल लोकांना विकायचा कसा? दिवे वाढवू नका, पांढरा बॉल दाखवा

पांढऱ्याचा_पाठलाग:
मोबाइलवर पूल खेळलेला नाही असा माणूस आमच्या ऑफिसात सापडायचा नाही. पण एका तरी व्यावसायिक पूल खेळाडूचं नाव सांगा म्हटलं की सगळे छताकडे बघतात.

माझं मत असं की हा खेळ विकणारे दिवे आणि गोंगाट अशी भलतीच गोष्ट विकतायत. १९९४ पासून मोस्कोनी कप भरतो. युरोप विरुद्ध अमेरिका, शॉटला ३० सेकंदांचं घड्याळ, प्रेक्षकांना घसा फाटेस्तोवर ओरडायची मुभा. मजा येते, नाही म्हणत नाही. पण तिथे लोक आपल्या बाजूसाठी ओरडतात. एरवीच्या स्पर्धेत घरबसल्या दिसतात ती दोन अनोळखी माणसं, आळीपाळीनं टेबलावर वाकणारी.

खरी गोची निराळी आहे. पूल जितका चांगला खेळाल तितका तो सोपा दिसतो! कॅरममध्ये स्ट्रायकर दर वेळी उचलून आपल्या पट्टीवर आणता येतो. इथे काठीनं (क्यूनं) मारायचा पांढरा बॉल जिथे थांबेल तिथूनच पुढचा शॉट. नाइन बॉलमध्ये, म्हणजे १ ते ९ आकड्यांच्या बॉलनी खेळायच्या पूलमध्ये, तर टेबलावरचा सगळ्यात लहान आकड्याचा बॉल आधी लागला पाहिजे. म्हणजे १ नंबर घालतानाच पांढरा २ साठी कुठे थांबवायचा आणि २ वरून ३ कडे कसा न्यायचा, हे डोक्यात हवं. कसलेल्या खेळाडूला हे जमलं की त्याच्या वाट्याला सरळ, हातभर अंतराचे शॉट उरतात. बघणारा म्हणतो, "ह्यात काय, मीपण घालीन."

म्हणून शॉटच्या आधी पडद्यावर एक वर्तुळ काढा: पांढरा इथे थांबला तर ठीक, वीतभर पुढे गेला तर मेला. मग बघा माणूस सोफ्याच्या कडेवर येतो की नाही.

अड्ड्यावरचा_अण्णा:
साफ असहमत. लोक भूमिती बघायला येत नाहीत हो, माणसं बघायला येतात. १४ फेब्रुवारी १९७८, न्यूयॉर्कचं वॉल्डॉर्फ अस्टोरिया हॉटेल, एबीसी वाहिनी, समालोचनाला हॉवर्ड कोसेल. एका बाजूला विली मोस्कोनी, १५ वेळचा जगज्जेता, सुटाबुटातला, कमी बोलणारा. दुसऱ्या बाजूला रुडॉल्फ वँडरोन, ज्यानं १९६१ च्या एका गाजलेल्या सिनेमातल्या पात्राचं 'मिनेसोटा फॅट्स' हे नाव बिनदिक्कत स्वतःला लावून घेतलं. मोठी स्पर्धा जिंकल्याचं नाव नाही, पण तोंडाचा पट्टा अखंड. मोस्कोनीला तो डोळ्यांसमोर नको असायचा. अख्खी अमेरिका बघत बसली. जिंकला मोस्कोनीच, पण खेळ विकला फॅट्सनं. तुमचं वर्तुळ तेव्हा कुठे होतं?

पांढऱ्याचा_पाठलाग:
अण्णा, बघत बसली हे मान्य. पण पुढे? दोन म्हाताऱ्यांचं भांडण बघायला आलेला प्रेक्षक भांडण संपल्यावर उठून गेला. पूल बघायला तो आलाच नव्हता.

जर्सीतला_जोशी:
दोघंही हवेत गोळीबार करताय. मी इथे न्यू जर्सीत दर मंगळवारी हौशी लीग खेळतो. अमेरिकेत अशा लीगमध्ये लाखो लोक नाव नोंदवून, वर्गणी भरून खेळतात. पण आमच्या टीममधले बाकीचे सात जण व्यावसायिक सामना बघत नाहीत. क्यू पाचशे डॉलरचा घेतील, सामना फुकट असला तरी लावणार नाहीत. घरात आधीच बसलेलं हे गिऱ्हाईक सोडून तुम्हाला गल्लीतलं हवंय.

आणि पैसा ओतून होत नाही, हे एकदा झालंय. २००६ मध्ये टीव्हीवर लांबलचक जाहिराती करणाऱ्या केव्हिन ट्रूडोच्या इंटरनॅशनल पूल टूरनं अमेरिकेतल्या रिनोला एट बॉल या पूलच्या दुसऱ्या प्रकाराची स्पर्धा भरवली, पहिलं बक्षीस ५ लाख डॉलर. फिलिपिन्सच्या एफ्रेन रेयेसनं ती जिंकली. पण खेळाडूंना पैसे वेळेवर मिळाले नाहीत आणि टूर तिथेच बसली. २०२४ मध्ये जेद्दाला नाइन बॉलच्या जागतिक स्पर्धेत फेडर गोर्स्टला अडीच लाख डॉलर मिळाले. पैसे खरे होते. नाव ऐकलंय का कुणी?

मातीतला:
मला पूलमधलं ओ का ठो कळत नाही, पण कबड्डी कळते. २०१४ ला प्रो कबड्डी आली तेव्हा आमच्या मंडळातले जुने खेळाडू चिडले होते. माती गेली, मॅट आली, चढाईला ३० सेकंद, दोन रिकाम्या चढायांनंतर तिसरी 'करो या मरो'. आज तेच चिडलेले लोक टीव्हीपुढून उठत नाहीत. त्यांनी वर्तुळं काढली नाहीत, रिकाम्या चढाईला किंमत लावली. तुमच्या खेळात रटाळ कुठे होतं ते शोधा आणि कापा.

अड्ड्यावरचा_अण्णा:
मातीतला, +१. बीबीसीनं १९६९ मध्ये रंगीत टीव्हीसाठी स्नूकरचा 'पॉट ब्लॅक' कार्यक्रम काढला, तो एकेका फ्रेमचा, म्हणजे एकेका डावाचा. त्यातून स्नूकर घराघरात गेला.

पांढऱ्याचा_पाठलाग:
कापायला नाइन बॉलमध्ये उरलंय काय? एक रॅक, म्हणजे एक डाव, पाच मिनिटांत आटोपतो. उलट मोठ्या स्पर्धा भरवणाऱ्या मॅचरूम कंपनीनं हल्ली पॉकेट ४ इंचांवर आणलंय. बॉल सव्वादोन इंचांचा, म्हणजे दोन बॉल शेजारी शेजारी मावत नाहीत. किती अवघड झालं! पण टीव्हीवर ते भोक पूर्वीइतकंच दिसतं. दाखवलं नाही तर कळणार कसं? स्नूकरमध्ये निदान टेबल बघूनच छाती दडपते, १२ फुटी.

शंकेखोर_शमा:
आणि आपल्याकडे? २०१७ ला अहमदाबादला क्यू स्लॅम लीग झाली, नाइन बॉल आणि सिक्स रेड (सहाच लाल बॉलचं छोटं) स्नूकर मिळून. संघ, जर्सी, टीव्ही, सगळं होतं. बिलियर्ड्स-स्नूकरचा आपला जगज्जेता पंकज अडवाणीही होता. मी तेव्हा बघितली. तरी मला आठवतात ते कपडे.

जर्सीतला_जोशी:
पाठलागराव, तुमचा प्रयोग काल घरी केला. एक जुना सामना लावला, समालोचन बंद, प्रत्येक शॉटआधी पांढरा कुठे थांबेल ते बोटानं दाखवायचं. हिला पूलचा गंधही नाही. दुसऱ्या रॅकपासून ती माझ्यापेक्षा जास्त वेळा बरोबर यायला लागली. तासभर हलली नाही.

पांढऱ्याचा_पाठलाग:
बघा!

जर्सीतला_जोशी:
थांबा. आज विचारलं, कालच्याच माणसाचा आणखी एक सामना लावू का? म्हणाली, "कालचा माणूस कोण होता?" मलाही लगेच आठवेना.

अड्ड्यावरचा_अण्णा:
😄