पायथन शिकवताना पहिल्या दिवसापासून वळण लावावं का?

रामबागची ताई
इंदूरला रामबागेत घरीच संध्याकाळी नववी-दहावीच्या आठ-दहा पोरांना पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवते. परवा पोहे-जिलबीच्या गाडीचं बिल काढायचा प्रोग्राम दिला होता. एका मुलीचा अगदी बरोबर चालला, पण व्हेरिएबलची, म्हणजे आकडे ठेवायच्या खणांची, नावं सगळी 'ए', 'बी', 'एए', 'एए१'. आत सरकवलेल्या ओळी कुठे दोन स्पेस, कुठे सात. मी दहातले चार कापले. त्यानंतर दोन दिवस ती आलीच नाही. आईचा फोन, "उत्तर बरोबर आहे ना, मग?" माझं मत, वळण लागतं ते पहिल्यापासूनच. बोला.

टर्बो सी पीडित
ताई, चुकलं तुमचं. आमच्या कॉलेजात टर्बो सीच्या (सी भाषेत प्रोग्राम लिहायचं जुनं सॉफ्टवेअर) निळ्या पडद्यावर प्रत्येक प्रोग्रामच्या डोक्यावर ताऱ्यांची चौकट काढायला लावायचे, आत नाव, रोल नंबर, तारीख. चौकट वाकडी झाली की जर्नल परत. ती चौकट आजही डोळे मिटून काढीन. पॉइंटर, सी मधला खरा अवघड भाग, मात्र नोकरी लागल्यावर कळले.

ओला-सुका
इंदूरकर असून असं म्हणता? मिसळलेली पिशवी गाडीवाला घेईना तेव्हाच आपण कचरा वेगळा करायला लागलो. २०१७ ला स्वच्छतेत शहराचा देशात पहिला नंबर उगाच नाही आला.

आणि फेब्रुवारी २०१४ मधली ॲपलची चूक आठवा. सी मध्ये 'इफ' या अटीखाली 'गोटू फेल' ('फेल' या ठिकाणी उडी मार) ही ओळ चुकून दोनदा पडली. अटीच्या आत काय ते दाखवणारे महिरपी कंस नव्हते, त्यामुळे दुसरी ओळ दिसायला 'इफ'च्या आत, पण चालायची दरवेळी. सुरक्षित जोडणीची सही तपासणंच वगळलं गेलं. एका ओळीला दोन कंस घालायचा कंटाळा!

टर्बो सी पीडित
कचरा वेगळा करायला आधी घरात स्वयंपाक तर होऊ द्या! ॲपलचा दाखला इथे लागू नाही. पायथनमध्ये ओळ आत सरकवणं हेच व्याकरण, डोळ्याला आत दिसते ती ओळ आतच असते. ताईंच्या त्या मुलीचे दोन आणि सात स्पेससुद्धा पायथनला चालले, कारण एका ब्लॉकात, म्हणजे एकत्र आत सरकवलेल्या ओळींत, ते सारखे होते. मशीनची तक्रार नाही, तक्रार ताईंची आहे.

छप्पनवाला
भिया, कोडची मांडणी आपोआप नीट करणारा फॉर्मॅटर लावा नि सराफ्यात खायला चला. गो भाषेबरोबर 'गोफमट' येतंच, टॅब की स्पेस हे भांडणच उरत नाही. पायथनला 'ब्लॅक' आहे.

रामबागची ताई
स्पेसचं पटलं, ते यंत्राकडे देते. पण 'एए१' चं 'ब्लॅक' काय करणार? ते नाव तसंच ठेवेल. मी तिला विचारलं होतं, 'एए१' म्हणजे काय? तिलाही आठवेना. लिहून तीन दिवस झाले होते फक्त.

निवृत्त मास्तर
हा मुद्दा खरा. पण नियम दाखवायचाच तर पूर्ण दाखवा. २००१ चा 'पेप ८', म्हणजे पायथन कसं लिहावं याची नियमावली, मुळात पायथनच्या स्वतःच्या लायब्ररीसाठी लिहिलेला. त्यावरून शाळकरी पोरांचे गुण कापावेत असं त्यात कुठे नाही. उलट कोडमधल्या टिपा इंग्रजीत लिहा म्हणताना त्यात सूट आहे: तुमची भाषा न येणारा कोणी तो कोड वाचणार नाही याची १२० टक्के खात्री असेल तर तुमच्या भाषेत लिहा. रामबागेतल्या बैठकीच्या खोलीत ती खात्री आहे की! शिवाय पायथन ३ मध्ये व्हेरिएबलची नावं देवनागरीत चालतात. त्या मुलीला 'भाव', 'प्लेट', 'रक्कम' लिहू द्या. 'एए१' आळसातून येत नाही हो, इंग्रजी शब्द सुचत नाही म्हणून येतं.

ओला-सुका
आणि पुढे नोकरीत?

निवृत्त मास्तर
नोकरीला आठ वर्षं आहेत, काका. तोवर इंग्रजी शिकेल.

टर्बो सी पीडित
'प्लेट' देवनागरीत की रोमनमध्ये यावरून आता गुण कापू नका म्हणजे झालं.

रामबागची ताई
आज आली ती. दोन गुण परत दिले.

छप्पनवाला
उरलेले दोन?

रामबागची ताई
'एए१' बदलून आणलं की.