मावशीच्या बायोप्सीत कॅन्सर निघाला, पण गर्भपिशवीचा की पिशवीच्या तोंडाचा ते कळंना, एमआरआय करावाच लागतो का?

जिंतूरकर_भाचा
राम राम मंडळी. थोरल्या मावशीचं विचारायचंय. वय 58, पाळी जाऊन बरीच वर्षं झाली, शुगर आहे, अंगानं पण जाड. दिवाळीपासून अंगावरून लाल जायलंय पण तिनं घरात कुणाला सांगितलंच नाही, कापूस वेचणी होऊ द्या मग बघू म्हणून दाबून ठेवलं. आता परभणीला सोनोग्राफी केली तर पिशवीचं अस्तर जाड आणि तोंडाशी पण गाठ असल्यासारखं लिहिलंय, मग तुकडा तपासायला दिला तर रिपोर्टात अॅडेनोकार्सिनोमा (ग्रंथीच्या पेशींचा कॅन्सर) आणि खाली एक ओळ की एंडोमेट्रियमचा (पिशवीचं अस्तर) की एंडोसर्विक्सचा (तोंडाचा आतला भाग) ते नक्की सांगता येत नाही. एक डॉक्टर म्हणायलेत पिशवी काढून टाका मोकळं व्हा, संभाजीनगरचे म्हणायलेत आधी कॉन्ट्रास्टचा एमआरआय, त्याच्याशिवाय हात लावणार नाही. मामा पेटलाय नुसता, कॅन्सर आहे ते कळलं ना, मग कुठला का असंना, परत मशीनमध्ये कशाला घालायलेत म्हणतो. आणि करायचंच असंल तर सीटीवर भागंल का, तो स्वस्त पडतो.

वॉर्डातली_डॉक्टर
दादा, मामांना सांगा "कुठला का असंना" इथं अजिबात चालत नाही, सगळी ट्रीटमेंट त्याच्यावरच ठरते. पिशवीच्या अस्तराचा असेल तर सहसा आधी ऑपरेशन, पिशवी, नळ्या, अंडाशय सगळं काढतात, लागल्या तर लिम्फच्या गाठी, आणि मग काढलेलं तपासून लाईट (रेडिएशन) द्यायची का नाही ते ठरतं. तोंडाचा असेल आणि गाठ 4 सेंटीमीटरपेक्षा मोठी किंवा आजूबाजूला पसरलेली असेल तर ऑपरेशनच्या नादी लागत नाहीत, रोजची लाईट, सोबत आठवड्याला सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध, आणि शेवटी ब्रेकीथेरपी म्हणजे आतून लाईट. ही आतली लाईट देताना नळी पिशवीच्या आतपर्यंत सरकवावी लागते, आता पिशवीच कुणी आधी काढून टाकली असेल तर नळी ठेवणार कुठं? तोंडाचा कॅन्सर लहान असला आणि ऑपरेशन करायचं ठरलं तरी ते साध्या पिशवीच्या ऑपरेशनसारखं नसतं, बाजूचे टिश्यू आणि योनीचा वरचा भाग पण घ्यावा लागतो. साधी पिशवी काढली आणि नंतर रिपोर्ट आला की तोंडाचा होता, म्हणजे कॅन्सरमधूनच कापलं, अशा केसेस आमच्याकडे येतात आणि फार वाईट वाटतं.
"काढून टाका मोकळं व्हा" याची आपल्या भागाला सवयच लागलीय. 2019 ला बीडच्या ऊसतोड बायकांची सरकारी पाहणी झाली तेव्हा 82 हजारांत 13 हजारांच्या वर बायकांच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या होत्या. असो, तो विषय वेगळा. संभाजीनगरचे डॉक्टर बरोबर सांगतायत.
सीटीचं म्हणाल तर छाती, पोट, लांबच्या गाठी बघायला ठीक आहे, पण पिशवी आणि तोंड यांचे थर त्यात नीट सुटे दिसत नाहीत.

कॉइलवाला_लातूर
मी एमआरआय टेक्निशियन, रिपोर्ट माझं काम नाही पण रेडिओलॉजिस्ट सरांच्या बाजूला बसून बसून जेवढं कळलं तेवढं सांगायलो. पिशवी म्हणजे उलटा धरलेला पेरू समजा, देठाकडचा निमुळता भाग खाली, तेच तोंड. सर पहिलं बघतात की गाठीचा मधला भाग, म्हणजे जिथं सगळ्यात जास्त माल आहे, तो वरच्या पोकळीत आहे की खाली. वरची पोकळी गाठीनं भरून फुगलेली आणि भिंतीच्या स्नायूत घुसलेली दिसली तर कल अस्तराकडं. तोंडाभोवती टी टू नावाच्या एमआरआयच्या फोटोत एक काळं कडं असतं, गाठ तिथनं उगवून कडं तोडून बाजूला पसरलेली असली तर कल तोंडाकडं. मग कॉन्ट्रास्ट. इंजेक्शन गेलं की पिशवीचा स्नायू लख्ख उजळतो आणि अस्तराचा कॅन्सर त्याच्यापुढं मळकट राहतो, तोंडाचा बऱ्याचदा इंजेक्शननंतरच्या पहिल्या फोटोंतच उजळतो. डिफ्युजन नावाच्या फोटोत दोन्ही चमकतात, म्हणून त्याच्यावर कुठला ते ठरत नाही.
अजून एक महत्त्वाचं. फॉर्मवर डॉक्टरांकडनं स्पष्ट लिहून घ्या की मूळ कुठलं ते बघायचंय. नुसतं पेल्विस लिहून आलं की काही सेंटरला ठरलेले कट घेऊन मोकळे होतात, खरं म्हणजे पिशवीच्या आणि तोंडाच्या अक्षाला आडवे असे तिरके कट वेगळे घ्यावे लागतात.

बार्शीची_सून
माझ्या सासूबाईंचं अगदी असंच होतं. सोनोग्राफीत अस्तर जाड लिहून आलं, सगळे म्हणाले पिशवीचाच. एमआरआय केला तर गाठ खाली तोंडात, तिनं वाट बंद केलेली आणि वर पिशवीत नुसतं रक्त साठलेलं, तेच जाड अस्तर वाटलं होतं. मग बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलात लाईट घेतली, जाऊन येऊन करायचो, आता शेतात जातात. त्यामुळं भाऊ, एमआरआय करा, त्यात सगळं कळतं.

वॉर्डातली_डॉक्टर
ताई, बरं वाटलं वाचून. फक्त "सगळं कळतं" याला थोडा ब्रेक लावते. गाठ मोठी होऊन वर खाली दोन्हीकडे पसरलेली असली तर एमआरआयवालेही कधी कधी "कल अमुककडे" एवढंच लिहितात, कारण अस्तराचा कॅन्सर खाली तोंडात उतरतो आणि तोंडाचा वर चढतो. फोटोत जागा दिसते, पेशी कुठल्या जातीची ते दिसत नाही. म्हणून त्याच तुकड्यावर इम्युनो, म्हणजे पेशींवरच्या खुणा रंगवून बघायची टेस्ट करतात. ईआर, पीआर आणि व्हायमेंटिन या खुणा पॉझिटिव्ह आले तर अस्तराचा जास्त संशय, पी 16 सगळीकडे गडद आणि सीईए पॉझिटिव्ह आला तर तोंडाचा, सोबत एचपीव्ही (तोंडाचा कॅन्सर करणारा व्हायरस) सापडला तर अजून पक्कं. यातही गोम आहे, अस्तराचा सीरस नावाचा एक प्रकार पी 16 ला पॉझिटिव्ह येतो, त्यामुळे एकट्या पी 16 वर कुणी निकाल देत नाही. एमआरआय, इम्युनो आणि हातानं केलेली तपासणी तिन्ही एका टेबलावर ठेवून डॉक्टरांचा बोर्ड ठरवतो.
जिंतूरकर, शुगर, वजन, पाळी गेल्यावरचा रक्तस्राव हे अस्तराच्या बाजूला झुकतंय, पण तेवढ्यावर चाकू नको. तुकडा ज्या मेणात ठेवलाय तो ब्लॉक फेकू देऊ नका, पॅथॉलॉजीकडून मेणाचा ब्लॉक आणि स्लाइड मागून घ्या, तुमच्या हक्काचं आहे.

जिंतूरकर_भाचा
लई उपकार झाले, मामाला हा धागाच वाचून दाखवला, आता जरा थंड झालाय. दोन गोष्टी राहिल्या. मावशीच्या पायात रॉड आहे, गाडीवरनं पडली होती तेव्हाचा, मशीनमध्ये चालतो का? आणि तिच्या पोरींनी पण काही तपासायला पाहिजे का, दोघी तिशी ओलांडलेल्या.

वॉर्डातली_डॉक्टर
पोरींचं पण मूळ कुठलं त्याच्यावरच आहे. अस्तराचा निघाला आणि घरात अजून कुणाला अस्तराचा किंवा मोठ्या आतड्याचा कॅन्सर झालेला असला, त्यात कमी वयात, तर लिंच सिंड्रोम या घराण्यात चालणाऱ्या दोषाची चौकशी करतात. बाकी एचपीव्हीची टेस्ट त्यांनी तशीही करून घ्यावी, मावशीचं काहीही निघो. याचा मोठा अभ्यास आपल्याच धाराशिव जिल्ह्यात झालाय, 30 ते 59 वयाच्या एक लाख तीस हजारांवर बायका होत्या, 2009 ला निकाल छापून आला. ज्या गटाला एकदाच एचपीव्ही टेस्ट दिली होती त्यात पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरनं मरणं जवळपास निम्म्यावर आलं होतं.

कॉइलवाला_लातूर
रॉड बहुतेक वेळा चालतो, ऑपरेशनचे कागद तेवढे सोबत आणा, आणि पाय लांब असल्यानं पिशवीच्या फोटोला काही होत नाही. पेसमेकर किंवा मेंदूतली जुनी क्लिप असती तर थांबवलं असतं. शुगर आहे म्हणून क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) आधी करून घ्या, कॉन्ट्रास्टला विचारतातच. चार ते सहा तास उपाशी ठेवतात, तवा सकाळचा नंबर मागा आणि शुगरच्या गोळीचं डॉक्टरला विचारा. आत अर्धा पाऊण तास हलायचं नाही, आवाज लई येतो, कानात कापूस देतात, हे मावशीला आधी सांगून ठेवा नाहीतर घाबरून बाहेर येतात. रेशन कार्ड घेऊन हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राला गाठा, महात्मा फुले योजनेत काय काय बसतं ते तोच सांगंल. आणि जोडवी घरीच साबण लावून काढून आणा, आमच्या दारात त्याच्यावरच निम्मा वेळ जातो.