डेंग्यूची लस: आधी रक्त तपासा, मगच टोचा?

आगाऊ_पुणेकर:
भारतीय डेंग्यू लशीची तिसऱ्या टप्प्यातली चाचणी ऑगस्ट २०२४ मध्ये रोहतकपासून सुरू झाली. लस बाजारात येण्याआधीच माझं म्हणणं मांडून ठेवतो: ज्या मुलाला पूर्वी डेंग्यू झाल्याची नोंद नाही, त्याला रक्त तपासून खात्री केल्याशिवाय ती देऊ नये.

कारण फिलिपिन्स. तिथे २०१६ पासून ८ लाखांवर मुलांना डेंगव्हॅक्सिया ही सानोफीची डेंग्यू लस टोचली. नोव्हेंबर २०१७ मध्ये सानोफी कंपनीनेच सांगितलं, की आधी डेंग्यू न झालेल्याला ही लस दिली आणि पुढे डेंग्यू झाला, तर तो जास्त गंभीर होऊ शकतो. डेंग्यूचे विषाणू चार प्रकारचे. एकाविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) दुसऱ्याला चिकटतात, पण निकामी करत नाहीत. उलट त्याला पांढऱ्या पेशीत घेऊन जातात. घरच्याच राखणदाराने चोराला कडी काढून द्यावी, तसं. त्या मुलांच्या शरीराने लशीलाच पहिला डेंग्यू धरलं आणि खरा पहिला डेंग्यू दुसरा ठरला.

कोकणकडा:
एका लशीचं पाप सगळ्यांच्या माथी मारू नका. डेंगव्हॅक्सियाचा सांगाडा पीतज्वराच्या (यलो फीव्हर) लशीचा होता, डेंग्यूचं फक्त वरचं कवच. आपली लस अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेने दुबळ्या केलेल्या डेंग्यू विषाणूंवर बेतलेली आहे. ब्राझीलच्या बुतांतान संस्थेची लस त्याच घराण्यातली, आणि तिने पूर्वी डेंग्यू न झालेल्यांनाही दोन वर्षांत ७३.६ टक्के संरक्षण दिलं.

आगाऊ_पुणेकर:
त्या दोन वर्षांत चाचणीत प्रकार १ आणि २ चेच रुग्ण सापडले हेही सांगा की! ३ आणि ४ चं काय? आणि दोन वर्षं म्हणजे काहीच नाही. क्युबात १९७७ मध्ये प्रकार १ ची साथ आली, १९८१ मध्ये प्रकार २ ची: १०,००० वर गंभीर रुग्ण, १५८ मृत्यू. १९९७ मध्ये सांतियागो दे क्युबात पुन्हा प्रकार २ आला, तेव्हा गंभीर आजारी पडली ती जवळजवळ सगळी मोठी माणसं, ज्यांना जुन्या साथीत प्रकार १ होऊन गेला होता. साथीनंतर जन्मलेली मुलं बचावली. म्हणजे धोका वीस वर्षांनीही उरतो!

लॅबवाली_वैदर्भी:
'रक्त तपासा' म्हणणाऱ्यांनी आयजीजीचा, म्हणजे जुन्या संसर्गाची प्रतिपिंडं शोधणाऱ्या टेस्टचा, रिपोर्ट कधी नीट वाचलाय का? पूर्व विदर्भात मुलांना जपानी मेंदूज्वराची लस दिलेली असते. तो विषाणू डेंग्यूच्याच कुळातला, त्यामुळे डेंग्यूची आयजीजी तिच्यानेही पॉझिटिव्ह येऊ शकते. डासांतूनच पसरणाऱ्या झिका विषाणूचंही तेच, आणि तो २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला सापडलाच होता. म्हणजे खोटा पॉझिटिव्ह आलेला मुलगा तुमच्या नियमातून पास होणार. ज्याला वाचवायचं, नेमका तोच.

दुसरं, प्रतिपिंडं आहेत की नाहीत एवढ्याने भागत नाही, किती आहेत ते बघावं लागतं. निकाराग्वातल्या मानाग्वा शहरात हजारो मुलांचं रक्त वर्षानुवर्षं तपासलं गेलं. २०१७ मध्ये निष्कर्ष आला: प्रतिपिंडं मधल्या एका ठरावीक पातळीवर असतील, तर गंभीर डेंग्यूचा धोका साडेसात पट, भरपूर असतील तर उलट संरक्षण. त्याच शहरातल्या मुलांत पुढे दिसलं, की डेंग्यू होऊन गेला असेल तर झिकाचा त्रास कमी, पण झिका होऊन गेला असेल तर नंतरचा डेंग्यू जड. रक्ततपासणीच्या साध्या पट्टीवरच्या दोन रेघा यातलं काय सांगणार?

तिरकीट:
पिंप झाका, कूलर रिकामे करा. विषय संपला.

कोकणकडा:
संपला असता, तर २०१७-१८ च्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) पाहणीत देशातल्या ५ ते ४५ वयाच्या ४८.७ टक्के लोकांत डेंग्यूची प्रतिपिंडं निघाली नसती. पश्चिम भारतात तर ६२.३ टक्के. डासांनी लसीकरण केव्हाच सुरू केलंय, विनातपासणी, विनासंमती. जिथे प्रसार जास्त तिथे सरसकट लस द्या, ईशान्येसारख्या कमी प्रसाराच्या भागात थांबा. क्युडेंगा या लशीबाबत जागतिक आरोग्य संघटनेनेही जास्त प्रसाराचे भागच निवडलेत, वय ६ ते १६, आणि तपासणीची अट नाही.

आगाऊ_पुणेकर:
राहिलेल्या ३८ टक्क्यांच्या आईबापांना काय सांगणार? 'सरासरी चांगली आहे'? फिलिपिन्समध्ये बिनसलं ते इथेच. लोकांचा विश्वास असा उडाला, की गोवराच्या लशीकडेही पाठ फिरवली गेली आणि २०१९ मध्ये गोवराची मोठी साथ आली.

लॅबवाली_वैदर्भी:
ते आधी स्पष्ट सांगितलं नव्हतं म्हणून. 'तुमच्या मुलाला आधी डेंग्यू झाला नसेल तर धोका किती, ते अजून पुरतं कळलेलं नाही' असं फॉर्मवर मराठीत लिहा, मग द्या. तपासणीच्या सक्तीला माझा विरोध कायम आहे. मात्र ज्यांच्याकडे एनएस१ (डेंग्यू विषाणूचं प्रथिन थेट शोधणारी टेस्ट) पॉझिटिव्हचा जुना कागद असेल, त्यांनी तो फेकू नये. पहिल्या चार-पाच दिवसांच्या तापात केलेली ती टेस्ट आयजीजीपेक्षा भरवशाची असते. निम्मे लोक तो कागद डिस्चार्जच्या पिशवीसकट रद्दीत घालतात.